विक्रीनंतरचा ताबा

सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा नावाचं चक्रीवादळ अमेरिकेतल्या फ्लोरिडाकडे सरकत होतं आणि लाखो माणसं घरं सोडून निघाली होती. त्या धांदलीत टेस्लाच्या काही गाड्यांच्या मालकांच्या लक्षात आलं, की आपली गाडी एका चार्जिंगमध्ये नेहमीपेक्षा जास्त अंतर जाऊ शकते आहे. कंपनीने दुरूनच एका सॉफ्टवेअर बदलाने बॅटरीची क्षमता तात्पुरती वाढवली होती. बॅटरी मुळात मोठीच होती, पहिल्या दिवसापासून गाडीत बसवलेली होती. स्वस्त मॉडेलमध्ये तिचा काही भाग सॉफ्टवेअरने बंद ठेवला जाई, आणि वरचे पैसे भरणाऱ्याला तो उघडून मिळे.

त्या मदतीबद्दल कंपनीचे आभारच मानायला हवेत. पण तिने जे उघडकीला आणलं तेही नीट बघायला हवं. पैसे मोजले, कागदपत्रं नावावर झाली, गाडी दारात उभी राहिली. तरी ती किती अंतर कापेल हे ठरवण्याची शक्ती कंपनीने स्वतःकडेच ठेवली होती. त्या आठवड्यात ती शक्ती मालकाच्या बाजूने वापरली गेली. ती कायम त्याच बाजूने वापरली जाईल अशी हमी कुणीही कुणाला दिलेली नव्हती.

फोन, टीव्ही, प्रिंटर, मनगटी घड्याळ, दाराचं कुलूप, शेतीची यंत्रं. नेटला जोडलेल्या बहुतेक वस्तूंमध्ये आता अशी शक्ती मागे राखलेली असते. तिच्याबद्दल बोलणारे गट मात्र वेगवेगळे आहेत. ग्राहक चळवळीतली माणसं दुरुस्ती, किंमत आणि फसवणूक यांवर बोलतात. नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारे वकील आणि कार्यकर्ते पाळत, सेन्सॉरशिप आणि झडती यांवर बोलतात. माझं म्हणणं असं, की हा एकच प्रश्न आहे. विकलेल्या वस्तूवर कंपनी जो ताबा राखते, तोच ताबा सरकारला उसना मिळतो. कंपनीला जे करता येतं, ते तिच्याकडून करवूनही घेता येतं: न्यायालयाच्या आदेशाने, परवाना रद्द करण्याच्या इशाऱ्याने, कर्मचाऱ्यांना अटक करण्याच्या धमकीने किंवा वरच्या पातळीवरून आलेल्या एका फोनने. त्यामुळे कंपनीची नियत कशी आहे हा प्रश्न मला दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. तिच्या हातात काय काय आहे, हा पहिला.

आधी ग्राहकाच्या बाजूने बघू. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने किंडलवर विकलेल्या दोन कादंबऱ्यांच्या प्रती ग्राहकांच्या उपकरणांतून परस्पर पुसून टाकल्या. ज्याने त्या विकायला ठेवल्या होत्या त्याच्याकडे हक्क नव्हते हे खरं होतं, पैसेही परत दिले गेले, आणि कंपनीच्या प्रमुखांनी नंतर जाहीर माफी मागितली. एका विद्यार्थ्याने पुस्तकावर काढलेली अभ्यासाची टिपणं त्यात निरुपयोगी झाली; त्याने दावा लावला आणि कंपनीला तडजोड करावी लागली. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा त्या दुकानातून विकलेलं प्रत्येक पुस्तक वाचता येईनासं झालं. २०१६ मध्ये नेस्टने रिव्हॉल्व्ह नावाच्या घरगुती उपकरणाचे सर्व्हर बंद केले आणि तीनशे डॉलरना विकलेली, ‘आजीवन सेवे’चं आश्वासन दिलेली ती वस्तू बिनकामाची झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एचपीच्या कित्येक प्रिंटरांनी दुसऱ्या कंपन्यांची शाईची कार्ट्रिज अचानक नाकारायला सुरुवात केली. आधी येऊन बसलेल्या एका अपडेटने ते घडवलं होतं.

ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डीअरने तर २०१५ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला लेखी कळवलं, की यंत्रातलं सॉफ्टवेअर शेतकऱ्याच्या मालकीचं होत नाही, यंत्राच्या आयुष्यभर ते चालवण्याचा गर्भित परवाना तेवढा त्याला मिळतो. लाखो डॉलरचं यंत्र शेतात बंद पडलं, सुटा भाग हातात आहे, तो बसवताही येतो, पण कंपनीच्या सॉफ्टवेअरने मान्यता दिल्याशिवाय यंत्र तो भाग स्वीकारत नाही, असे अनुभव शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने याच कारणावरून कंपनीवर खटला भरला.

या सगळ्याच्या मुळाशी १९९८ चा एक अमेरिकी कायदा आहे, डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्ट. कॉपीराइट असलेल्या मजकुराला लावलेलं डिजिटल कुलूप फोडणं हाच त्याने गुन्हा ठरवला. चित्रपट आणि गाण्यांची चोरी थांबवणं हा त्यामागचा उद्देश. पण सॉफ्टवेअरलाही कॉपीराइट असतो, आणि सॉफ्टवेअर आता कशात नाही? त्यामुळे एखाद्या यंत्रात सॉफ्टवेअर घालून त्याला कुलूप लावलं, की त्या यंत्राची दुरुस्ती करण्यासाठीही कायद्याकडून दर तीन वर्षांनी सवलत मागत बसावं लागतं. धंद्यासाठी कुलूप फोडणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यालाच पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. अमेरिकेने पुढे आपल्या व्यापार करारांतून अशाच तरतुदी इतर अनेक देशांच्या गळी उतरवल्या. कंपनीचा ताबा कंपनीच्या हुशारीमुळे टिकतो हा गैरसमज आहे. तो सरकारी दंडशक्तीच्या आधारावर टिकतो.

आता दुसरी बाजू. २०२२ च्या वसंतात रशियन सैनिकांनी युक्रेनच्या मेलितोपोल शहरातल्या एका विक्रेत्याकडून डीअरची महागडी यंत्रं लुटली आणि त्यातली काही थेट चेचन्यापर्यंत नेली. तिथे ती सुरूच होईनात. कुणीतरी ती दुरून बंद करून ठेवली होती. ही बातमी जगभर आनंदाने वाचली गेली, आणि लुटारूंबद्दल मलाही कणभर सहानुभूती नाही. तरी त्या बातमीचा दुसरा अर्थ टाळता येत नाही. शेतीची अवजड यंत्रं, विक्रीनंतर, हजार किलोमीटरवरून, एका आदेशाने थांबवता येतात हे तिथे सिद्ध झालं. आदेश देणारा चोराला रोखतो आहे, पेरणीच्या तोंडावर एखाद्या बंडखोर प्रदेशाला उपाशी मारतो आहे, की कंपनीच्या व्यवस्थेत घुसलेला भामटा आहे, हे ट्रॅक्टरला कळत नाही. योग्य सही असलेला आदेश आला की तो पाळायचा, एवढंच त्याला शिकवलेलं असतं.

याहून शांतपणे घडलेलं एक उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. आयफोनमध्ये एअरड्रॉप नावाची सोय आहे. जवळच्या फोनवर थेट फोटो पाठवता येतो, मध्ये कुठला सर्व्हर लागत नाही, त्यामुळे सेन्सॉरलाही मध्ये उभं राहायला जागा मिळत नाही. हाँगकाँगच्या आंदोलनात आणि नंतर चीनमध्येही सरकारविरोधी पत्रकं अशी फोनवरून फोनवर फिरली. नोव्हेंबर २०२२ मध्ये एक साधा अपडेट आला. चीनमध्ये विकलेल्या फोनवर कोणाही अनोळखी माणसाकडून फाइल घेण्याची मुभा आता दहा मिनिटांपुरतीच राहणार होती. पुढच्या महिन्यात हाच बदल जगभर लागू झाला, नको असलेले फोटो येऊ नयेत म्हणून. कदाचित ते कारण खरंही असेल. पण चीनमध्ये तो आधी का आला? त्या नोव्हेंबरच्या अखेरीस बीजिंग आणि शांघायमध्ये लोक सेन्सॉरशिपचा निषेध म्हणून कोरे कागद हातात घेऊन रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या खिशातल्या फोनची एक क्षमता नुकतीच कमी झालेली होती. फोन त्यांचे होते, पैसे त्यांनी भरले होते, आणि हा बदल करताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

अ‍ॅपची दुकानं हा ताब्याचा सर्वांत मोठा प्रकार. २००८ मध्ये अ‍ॅपलने आपलं दुकान उघडलं आणि आयफोनवर काय चालेल हे त्या एका दारातूनच ठरू लागलं. ग्राहकाला ते सोयीचं वाटलं, आणि सोय होतीच. पण एकच दार असलं की पहारेकरीही एकच पुरतो. २०१७ मध्ये चीनच्या दुकानातून व्हीपीएन अ‍ॅप, म्हणजे सरकारने अडवलेल्या साइटपर्यंत वळसा घालून पोहोचवणारी अ‍ॅप, निघाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये हाँगकाँगमधल्या पोलिसांच्या हालचाली नकाशावर दाखवणारं अ‍ॅप निघालं. १७ सप्टेंबर २०२१ ला, रशियातल्या संसदीय निवडणुकीच्या मतदानाच्या पहिल्याच दिवशी, तेव्हा तुरुंगात असलेले विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्या गटाचं मतदारांना मार्गदर्शन करणारं अ‍ॅप अ‍ॅपल आणि गूगल या दोघांनीही काढून टाकलं. तिथल्या कर्मचाऱ्यांवर खटले भरण्याची धमकी सरकारने दिली होती. आपल्या माणसांना तुरुंगात पाठवा आणि अ‍ॅप ठेवा, असं त्या कंपन्यांना दूर बसून सांगणं मला जमणार नाही. म्हणूनच अशी निवड कुणापुढे येऊच नये अशी रचना मागायला हवी.

‘हे हुकूमशाहीत होतं’ असं म्हणून सुटका करून घेता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत, स्थलांतरितांना पकडणाऱ्या पथकांची ठिकाणं एकमेकांना कळवण्यासाठी लोक वापरत असलेलं आइसब्लॉक हे अ‍ॅप अ‍ॅपलने दुकानातून हटवलं. देशाच्या महान्यायवादींच्या कार्यालयाने तशी मागणी केली होती. सरकारचं म्हणणं होतं की पथकांतल्या लोकांच्या जिवाला धोका आहे. असेलही. पण असा धोका कुठल्याही न्यायालयापुढे सिद्ध करावा लागला नाही. सरकारने एखादं वृत्तपत्र बंद करायचं ठरवलं असतं तर भाषणाचं आणि वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य राखणाऱ्या, राज्यघटनेतल्या पहिल्या दुरुस्तीने त्याला अडवलं असतं. एका खासगी कंपनीला विनंती केली, आणि घटना मध्ये आलीच नाही. नागरिकाला सरकारविरुद्ध जे हक्क असतात ते दुकानदाराविरुद्ध नसतात. सगळं बोलणं, वाचणं, हिंडणं दुकानदाराच्या अंगणातून होऊ लागलं की घटनेतले हक्क कागदावर शाबूत राहूनही हाताला लागत नाहीत.

२०१६ च्या सॅन बर्नार्डिनो खटल्याकडे या नजरेने पुन्हा बघावं असं मला वाटतं. डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या त्या शहरात चौदा माणसं मारली गेली. हल्लेखोराचा आयफोन ५सी एफबीआयच्या हाती लागला, पण तो उघडेना. चुकीचा पासकोड दहा वेळा टाकला तर आतली माहिती पुसली जाण्याची भीती होती. फेब्रुवारीत न्यायालयाने १७८९ च्या एका कायद्याचा आधार घेऊन अ‍ॅपलला आदेश दिला, की ही मर्यादा काढून टाकणारी खास ऑपरेटिंग सिस्टीम लिहून द्या. अ‍ॅपलने नकार दिला. जगभर वाद पेटला. मार्चच्या अखेरीस सरकारने दुसऱ्या कुणाच्या तरी मदतीने फोन उघडला आणि मागणी मागे घेतली, त्यामुळे मूळ कायदेशीर प्रश्न अनुत्तरितच राहिला.

तो वाद एन्क्रिप्शनचा, म्हणजे किल्लीशिवाय कुणाला वाचता येऊ नये अशी माहिती बंदिस्त करण्याच्या तंत्राचा, म्हणून ओळखला गेला. मला तो अपडेटचा वाद वाटतो. एफबीआयकडे तज्ज्ञ होते, पैसा होता, फोन होता; तरी तिला अ‍ॅपलच हवी होती, कारण तो फोन फक्त अ‍ॅपलची डिजिटल सही असलेलंच सॉफ्टवेअर स्वीकारतो. ती सही चोरांपासून संरक्षण करते, हे अगदी खरं. पण जी सही जगातल्या प्रत्येक आयफोनला ‘हे ऐक’ असं सांगू शकते, तिचा मालक एक असला तर त्याच्या मागे जगातली सगळी सरकारं लागणार. अ‍ॅपल त्या वेळी ठाम राहिली, आणि तिचं ते करणं मला मनापासून मोलाचं वाटतं. मात्र त्याच अ‍ॅपलने फेब्रुवारी २०१८ मध्ये चिनी ग्राहकांचा आयक्लाउडमधला, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर साठवलेला, मजकूर तिथल्या सरकारशी संबंधित कंपनीच्या ताब्यातल्या सर्व्हरवर हलवला. एन्क्रिप्ट केलेला मजकूर आम्हाला वाचता येईल अशी सोय करा, या ब्रिटिश सरकारच्या गुप्त आदेशाची बातमी फेब्रुवारी २०२५ मध्ये फुटल्यावर तिने मागचं दार बांधायचं टाळलं, पण त्यासाठी ब्रिटनमधल्या ग्राहकांची सर्वांत भक्कम एन्क्रिप्शनची सोयच नव्या वापरासाठी बंद केली. कंपनी तीच. ती एका देशात लढते, दुसऱ्या देशात वाकते, तिसऱ्या देशात माघार घेते. बाजारपेठ केवढी, कायदा केवढा कडक आणि प्रमुख कोण, यांवर ते ठरतं. कोट्यवधी लोकांचं स्वातंत्र्य एका संचालक मंडळाच्या धैर्यावर सोडणं ही मुळातच चुकीची मांडणी आहे.

साठवलेल्या माहितीचंही तेच. २००४ मध्ये शी ताओ या चिनी पत्रकाराने, १९८९ च्या तियानानमेन हत्याकांडाच्या पंधराव्या स्मृतिदिनाबद्दल प्रसारमाध्यमांना आलेल्या सरकारी सूचनेची माहिती याहूच्या खात्यातून परदेशात पाठवली. याहूने त्या खात्याचा तपशील अधिकाऱ्यांना दिला. शी ताओंना दहा वर्षांची शिक्षा झाली. याहूच्या प्रमुखांनी २००७ मध्ये अमेरिकी संसदेत त्यांच्या आईची माफी मागितली. तोपर्यंत शी ताओ तीन वर्षं कोठडीत होते. याच्या शेजारी २०१६ ची एक घटना ठेवावी. अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीने, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, सिग्नल या संदेशसेवेकडे एका वापरकर्त्याची माहिती मागितली. सिग्नलने आदेश पाळला, जे होतं ते सगळं दिलं. होतं काय? खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, या दोन वेळा. संदेश, संपर्कयादी, गटांची नावं यातलं काहीच सिग्नलकडे नव्हतं. तिथे कुणाला धैर्य दाखवावं लागलं नाही, कायदा मोडावा लागला नाही, आणि वापरकर्ता सुरक्षित राहिला. याहूच्या आणि सिग्नलच्या माणसांत सद्गुणांचा फरक होता की नाही मला ठाऊक नाही. व्यवस्थेच्या बांधणीत होता.

गूगलने कित्येक वर्षं लोकांच्या फिरण्याची नोंद स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली. मग पोलिसांनी उलटी विचारणा सुरू केली. एखाद्या संशयिताची माहिती मागण्याऐवजी, अमुक वेळी अमुक जागेच्या आसपास असलेल्या सगळ्यांची माहिती ते मागू लागले. २०२१ मध्ये गूगलने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार अमेरिकेत तिला मिळणाऱ्या वॉरंटांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त वॉरंट या प्रकारची झाली होती. फ्लोरिडातला एक माणूस व्यायामासाठी सायकल फिरवत होता. त्याचा रस्ता एका घरफोडीच्या घरावरून गेला होता, तेवढ्यावरून तो संशयाच्या जाळ्यात आला. त्याने वकील केला आणि पोलिसांनी मागणी मागे घेतली. वकील करणं ज्याला परवडत नाही त्याचं काय होत असेल?

आणि वॉरंटसुद्धा दर वेळी लागत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्पेंटर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की मोबाइल कंपनीकडून एखाद्याच्या ठिकाणांचा दीर्घ इतिहास घ्यायचा तर वॉरंट हवं. तिथे १२७ दिवसांच्या नोंदी घेतल्या गेल्या होत्या. निकाल मोठा होता. पण हवामान, खेळ किंवा प्रार्थनेच्या वेळा सांगणाऱ्या साध्या अ‍ॅपमधून गोळा झालेली ठिकाणं दलाल खुल्या बाजारात विकतात, आणि सरकारी यंत्रणा ती इतर गिऱ्हाइकांसारखी विकत घेतात. तिथल्या गुप्तचर विभागाचा जून २०२३ मध्ये उघड झालेला अहवाल ही खरेदी मान्य करतो. ज्यासाठी न्यायाधीशाची सही लागायला हवी त्यासाठी आता बिलावरची सही पुरते. मला या साऱ्या विषयातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट कोणती वाटत असेल तर ही.

यावर जे आक्षेप येतात त्यातला एक खरोखर वजनदार आहे. कुलूपबंद फोन सामान्य माणसाला फसवणुकीपासून वाचवतो. खोटी बँकेची अ‍ॅप, खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, फोनवरून बोलता बोलता अ‍ॅप टाकायला लावणारे ठग यांनी लोकांची आयुष्यभराची बचत नेली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं, की अँड्रॉइडवर दुकानाबाहेरून टाकल्या जाणाऱ्या अ‍ॅपच्या निर्मात्यांनाही गूगलकडे ओळख पटवावी लागेल, आणि सुरुवात २०२६ मध्ये चार देशांतून होईल. कारण फसवणुकीचंच दिलं. टीका झाल्यावर अनुभवी वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवण्याचं तिने मान्य केलं.

फसवणुकीची भीती मी हलकी मानत नाही. पण उपाय आणि ताबा यांची गाठ सैल करता येते, याचा पुरावा रोज समोर असतो. अ‍ॅपलच्याच मॅक संगणकावर कुठूनही आणलेलं सॉफ्टवेअर टाकता येतं. तो इशारा देतो, अडवतो, मालकाने पुन्हा ठामपणे सांगितलं की ऐकतो. मॅक वापरणारे लाखो लोक त्यामुळे लुटले गेलेले नाहीत. सुरक्षित मार्ग सर्वांना आपोआप मिळावा, धोक्याचा मार्ग अवघड असावा, आणि शेवटचा शब्द वस्तूच्या मालकाचा असावा. एवढंच मागणं आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टमुळे मार्च २०२४ पासून तिथे आयफोनवर इतरांची दुकानं उघडता आली, तरी त्या दुकानांतलं प्रत्येक अ‍ॅप आधी अ‍ॅपलच्या तपासणीतून जातंच. दारं वाढली, पहारेकरी तोच राहिला. स्पर्धेच्या दृष्टीने हे पाऊल पुढचं आहे. स्वातंत्र्याच्या दृष्टीने अजून फारसं काही झालेलं नाही.

दुसरा आक्षेप तपासाचा. गुन्हेगाराला पकडायचं तर पोलिसांना आत शिरता यायला नको का? शिरता यावं, एका माणसाविरुद्ध, कारण देऊन, न्यायाधीशाच्या परवानगीने, त्याच्याच वस्तूपुरतं. सगळ्यांच्या वस्तूंत आधीच वाट करून ठेवणं ही वेगळी मागणी आहे, आणि ती वाट फक्त पोलिसांपुरती राहत नाही हे इतिहासाने दाखवलं आहे. २००४-०५ मध्ये ग्रीसमध्ये व्होडाफोनच्या जाळ्यात कायदेशीर टेहळणीसाठी असलेलीच व्यवस्था वापरून अज्ञात लोकांनी पंतप्रधानांसह शंभराहून अधिक जणांचे फोन ऐकले. अमेरिकेने १९९४ मध्ये दूरसंचार कंपन्यांना अशी व्यवस्था ठेवणं सक्तीचं केलं. २०२४ मध्ये चीनशी जोडलेले हॅकर त्याच व्यवस्थांपर्यंत पोहोचल्याचं उघड झालं. त्यानंतर डिसेंबरमध्ये अमेरिकी अधिकारीच लोकांना सांगत होते, की एन्क्रिप्शन असलेली संदेशसेवा वापरा.

मुलांच्या लैंगिक शोषणाचा मुद्दा यात सर्वांत नाजूक, आणि तो पुढे करणाऱ्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयक्लाउडवर चढवले जाणारे फोटो आधी फोनवरच तपासण्याची योजना जाहीर केली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सोडून दिली. एका प्रकारचा मजकूर शोधण्याची सोय फोनमध्ये आली की दुसरा प्रकार शोधा असं सांगणारं सरकार दूर नसतं, हे टीकाकारांचं म्हणणं पुढे कंपनीनेही मान्य केलं. अशा तपासणीत चुकाही होतात. एका बापाने डॉक्टरांना दाखवण्यासाठी आपल्या आजारी बाळाचा फोटो काढला. गूगलच्या यंत्रणेने तो गुन्हा मानला. पोलिसांनी चौकशी करून त्याला निर्दोष ठरवलं, तरी गूगलने खातं परत दिलं नाही. ईमेल, फोटो, फोन नंबर, सगळं गेलं. सरकारने शिक्षा केली असती तर अपील करता आलं असतं. इथे दाद मागायला जागाच नव्हती.

‘पटत नसेल तर घेऊ नका’ हा आक्षेप मी थोडक्यात बाजूला ठेवतो. बँक, नोकरी, शाळा, सरकारी कामं सगळी फोनवर येऊन ठेपली आहेत आणि बहुतेक फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या कंपन्या मोजून दोन. अशा बाजारात ‘मान्य आहे’ या बटणाला संमती म्हणणं मला प्रामाणिक वाटत नाही.

मग काय मागायचं? दुरुस्तीसाठी किंवा स्वतःच्या वस्तूवर स्वतःचं सॉफ्टवेअर चालवण्यासाठी कुलूप उघडणं हा गुन्हा राहता कामा नये. १९९८ च्या कायद्यातला हा भाग आणि त्याच्या जगभरच्या नकला रद्द व्हायला हव्यात. सुरक्षेचे अपडेट आणि वस्तूची क्षमता बदलणारे अपडेट वेगळे असावेत, आणि दुसऱ्या प्रकारचे नाकारण्याचा हक्क असावा. कंपनीने सेवा बंद केली तर वस्तू तिच्याशिवाय चालवण्याची साधनं लोकांच्या हाती द्यावीत. सरकारी सांगण्यावरून अ‍ॅप किंवा मजकूर काढला, तर न्यायालयाचा आदेश लागावा आणि तो प्रसिद्ध व्हावा. विनंत्यांचा, फोनांचा, बैठकांचा मार्ग बंदच व्हावा. जे घेण्यासाठी वॉरंट लागतं ते विकत घेण्याला पूर्ण बंदी हवी. यातली शेवटची मागणी सर्वांत सोपी आहे. तिला कुठलं नवं तंत्रज्ञान लागत नाही, फक्त सरकारने स्वतःला आवर घालायचा आहे, आणि बहुधा म्हणूनच ती रखडते.

कंपन्यांना यातलं काही अशक्य नाही. डिसेंबर २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं, की लोकांच्या फिरण्याचा इतिहास यापुढे त्यांच्या फोनवरच राहील आणि त्याची सर्व्हरवरची प्रत गूगललाही वाचता येणार नाही. परिसरातल्या सगळ्यांची माहिती मागणाऱ्या वॉरंटांना उत्तर द्यायला तिच्याकडे त्यानंतर ते भांडार उरत नाही. न्यायालयांत वर्षानुवर्षं चाललेली लढाई कंपनीच्या एका अभियांत्रिकी निर्णयाने बऱ्याच अंशी निकालात काढली. मला याचा आनंद आहे. पण तो निर्णय गूगलने स्वतः घेतला, कुठल्याही कायद्याने तिला तो घ्यायला लावला नाही, आणि उद्याच्या एखाद्या अपडेटने तो फिरवायचं तिने ठरवलं तर तिला अडवणारा कायदाही आज नाही. तो कायदा लिहून घेणं हे ग्राहक चळवळीचं आणि नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचं एकत्र काम आहे, आणि दोघींनी ते अजून नीट हाती घेतलेलं नाही.